खचलेला नव्हे, वर आलेला कोपरा

नागपुरातल्या एका जुन्या कॉलेजच्या वाचनालयाचा कोपरा खचलाय, असा निरोप मे महिन्यात आला. सोबत एका स्ट्रक्चरल कन्सल्टंटचा रिपोर्ट होता: पाया खचलेला, इमारत धोकादायक, पाडण्याची शिफारस. कॉलेजला दुसरं मत हवं होतं, आणि तेही नॅकची, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची, समिती येण्याआधी. नॅकच्या नावाखाली काय काय रंगवलं आणि झाकलं जातं, त्यावर कधीतरी वेगळं लिहीन.

कॉलेजचं नाव सांगत नाही. इथलं हिस्लॉप कॉलेज १८८३ चं, मॉरिस कॉलेज १८८५ चं. ती आधी कलकत्ता आणि मग अलाहाबाद विद्यापीठाला जोडलेली होती, कारण नागपूरला स्वतःचं विद्यापीठच १९२३ साली मिळालं. आमची इमारत त्यानंतरची. महापालिकेच्या हेरिटेज यादीत तिचं नाव नाही, म्हणजे पाडायला फारशी अडकाठी नाही. नव्या पाच मजली इमारतीचं चित्र प्राचार्यांच्या केबिनमध्ये आधीच फ्रेम करून लावलेलं होतं.

आत गेले आणि आधी अर्धा तास नुसती वर बघत राहिले. चुन्यात बांधलेल्या दोन फुटी विटांच्या भिंती, त्यावर सागवानी कैच्या (छप्पर पेलणाऱ्या तिकोनी चौकटी), त्यावर फळ्या आणि कवेलू. दक्षिण-पश्चिमेला कमानींचा खोल व्हरांडा, म्हणजे दुपारचं ऊन भिंतीला शिवतच नाही. खिडक्यांना झिलमिल्या, म्हणजे तिरप्या पट्ट्यांची झडपं. छताखाली व्हेंटिलेटरची रांग, दोरी ओढून उघडायची. कप्प्या अजून जागेवर आहेत. गरम हवा वर जाऊन तिथून बाहेर, खालून व्हरांड्यातली सावलीतली हवा आत. ज्यांनी हे बांधलं त्यांना नागपूरचा मे ठाऊक होता. पण हे सगळं दिसायला मला फॉल्स सीलिंगची एक टाइल सरकवून शिडीवरून डोकं आत घालावं लागलं. दहा फुटांवर पांढरं सीलिंग, त्याच्या वर बंद पडलेले व्हेंटिलेटर आणि कबुतरांची घाण. कुणीतरी त्या खोलीला 'स्मार्ट' केलं होतं. मग ती तापायला लागली, म्हणून खिडक्यांत कूलर आले. भलेमोठे, पत्र्याचे, लोखंडी स्टँडवर.

रिपोर्टमधले रिबाउंड हॅमरचे आकडे बघून मात्र डोकं फिरलं. तो हातोडा काँक्रीटची ताकद अजमावण्यासाठी असतो. चुन्याच्या भिंतीवर, तेही वरच्या सिमेंट प्लास्टरवर, तो मारून आलेल्या आकड्यांना काही अर्थ नाही. पण पानभर तक्ता, खाली सही-शिक्का, आणि त्यावर कुणालाच प्रश्न विचारायची सोय नाही.

भेग कोपऱ्याजवळच्या खिडकीखाली तिरकी गेलेली होती. आधी कुणीतरी ती सिमेंटने भरली होती. चुन्याची भिंत थोडं हलणं सोसते, सिमेंट सोसत नाही, त्यामुळे भरलेल्या रेषेच्या शेजारून नवी भेग निघाली. तिची रुंदी वरपासून खालपर्यंत मोजली. खाली जास्त, वर कमी.

हे उलटं होतं. नागपूर दोन खडकांच्या सीमेवर बसलंय: पश्चिमेला दख्खनचा बेसॉल्ट, पूर्वेला त्याहून कितीतरी जुना ग्नाइस. (हिस्लॉप कॉलेज ज्याच्या नावाने आहे, तो स्टीफन हिस्लॉप पाद्री असूनही आयुष्यभर या भागातल्या दगडांच्या मागे होता.) बेसॉल्ट झिजून काळी माती होते. तिच्यातलं मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज पाणी मिळालं की फुगतं, वाळलं की आकसतं. उन्हाळ्यात इमारतीच्या कडेची माती आधी वाळते, कोपरे खाली बसतात, आणि भिंतीच्या भेगा वर रुंद होतात. इथे खाली रुंद. म्हणजे कोपरा खाली गेला नव्हता. वर आला होता.

माझ्या असिस्टंटला हे पटेना, आणि ते बरंच झालं, नाहीतर मीही अंदाजावर थांबले असते. लेव्हल पाईप मागवला, गवंडी वापरतात तीच पाणी भरलेली पारदर्शक नळी, आणि जोत्याच्या दगडाची वरची कड धरून इमारतीभोवती फिरलो. बाकी तिन्ही कोपरे जवळपास सारखे. हा कोपरा १४ मिलिमीटर वर.

मग दोन खड्डे घेतले. दूरच्या कोपऱ्यापाशी माती फाटलेली, भेगेत अख्खा पंजा जाईल अशी. या कोपऱ्यापाशी चार फुटांवरही ओली, कणकेसारखी मऊ. भर मे महिन्यात. वर पाहिलं तर कूलरचा ओव्हरफ्लो पाईप बरोबर त्या जागी सुटलेला.

कूलर भरणाऱ्या भाऊंना विचारलं. ते म्हणाले, "सकायी पाईप लावून देतो मॅडम, अन् दुसऱ्या खोलीत जातो. भरलं का वाहून जाते. पाणी जमिनीतच जाते ना, वाया थोडी जाते?" यात त्यांचा काय दोष? कूलर कुठे बसवायचा आणि त्याचं पाणी कुठे सोडायचं, हे ज्यांनी ठरवायचं त्यांनी कधी ठरवलंच नाही. व्हेंटिलेटर झाकले, म्हणून कूलर आला. कूलर आला, म्हणून कोपरा भिजला. कोपरा भिजला, म्हणून आता इमारत पाडायची.

प्राचार्यांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, "मॅडम, परीक्षा सुरू आहेत. कूलर बंद करू म्हणता?" नाही, तेही म्हणता येत नव्हतं. भर उन्हाळ्यात पाणी एकदम तोडलं तर तो कोपरा झपाट्याने आकसेल आणि भेग दुसरीकडे उघडेल. कूलरचं पाणी हळूहळू कमी करायचं, ओव्हरफ्लो पाईपने दूर नालीत न्यायचा, आणि व्हेंटिलेटर उघडून कूलर पूर्ण बंद करायचे ते पावसाळ्यानंतर, सगळी माती सारखी ओली असताना. सिमेंट खरवडून चुन्याने भरणं त्याच्याही नंतर. एवढं ऐकून त्यांनी एक छापील फॉर्म पुढे केला. त्यात दोनच चौकोन होते: सुरक्षित, धोकादायक.

एका भेटीत यातलं काहीच टिक करता येत नाही. जोतं मुळात बांधतानाच समतल होतं का, हे मला कुणी सांगू शकत नाही. मी दोन्ही चौकोन मोकळे ठेवून दोन पानं जोडली आणि भेगेवर काचेच्या पट्ट्या चिकटवून आले. भिंत हलली की पट्टी तडकते. याहून स्वस्त आणि खरं यंत्र मला माहीत नाही.

नॅकसाठी रंगकाम झालं तेव्हा पेंटरने त्या पट्ट्या खरवडून काढल्या, खाली पुट्टी भरली आणि वर क्रीम कलर मारला. फोनवर मला हे मोठ्या आनंदाने सांगण्यात आलं: "मॅडम, भेग दिसतच नाही आता."

पुट्टीवरच नव्या पट्ट्या लावल्यात, शेजारी मोठ्या अक्षरांत 'काढू नये' लिहून. पाईप नालीकडे वळवलाय, निदान फोटोत तरी तसं दिसतं. ऑगस्टमध्ये बाकीची माती फुगेल तेव्हा पुन्हा लेव्हल पाईप घेऊन जाईन. बाकीचं जोतं वर येऊन १४ चा आकडा कमी झाला, तर माझं म्हणणं टिकेल. नाही झाला, तर तो पाडण्याचा रिपोर्ट तयारच आहे, आणि केबिनमधलं चित्रही.