अदिसमधला बिनहिशेबी दिवस

स्वस्त तिकिटात वाचलेले पैसे विमान कंपनी आपल्याकडून तासांच्या रूपात वसूल करते. लेकीकडे टोरंटोला जायचं तर आम्हाला परवडणारा मार्ग इथिओपियाच्या अदिस अबाबावरून निघाला. मुंबईहून रात्री निघायचं, सकाळी तिथे उतरायचं आणि पुढचं विमान थेट रात्री. मधला अख्खा दिवस लोक विमानतळावरच्या खुर्च्यांवर आडवेतिडवे झोपून काढतात. आमच्या घरातही तोच प्रस्ताव होता. "अगं, बॅग उशाला घेऊ आणि पडू," असं यांचं म्हणणं. मी म्हटलं, पडायला डोंबिवली आहे.

बोले विमानतळ शहराला अगदी चिकटून आहे, आणि अदिसच्या थांब्याची सगळी गंमत त्यामुळेच. अर्ध्या तासात माणूस शहरात. थांबा मोठा असेल आणि आधीचं जोडविमान नसेल तर कंपनी बहुधा हॉटेलही देते. एक गोष्ट मात्र घरूनच करून निघायची, ती म्हणजे यलो फीव्हरची लस. विमानतळाच्या आतच थांबलात तर प्रश्न नाही. पण बाहेर पडलात आणि सहा दिवसांच्या आत भारतात परतलात, तर आपलं सरकार लस घेतल्याचं पिवळं कार्ड मागतं, आणि ते नसेल तर विलगीकरणात बसवू शकतं. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. एकदा घेतली की जन्मभर चालते, त्यामुळे मी तिला खर्चात धरत नाही.

बाहेर पडल्यावर पहिली जाणवते ती थंडी. आफ्रिका म्हटल्यावर आम्ही सुती कपडे घातलेले, आणि शहर वसलंय समुद्रसपाटीपासून साधारण 2,300 मीटरवर. आपलं कळसूबाई 1,646. एका जिन्यात धाप लागली तर ती वयाची समजू नये.

दुसरी गोष्ट घड्याळाची. इथिओपियात दिवस सूर्योदयाला सुरू होतो आणि तास तिथपासूनच मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. पंचांगाचा दिवसही सूर्योदयालाच सुरू होतो, तेव्हा आपल्याला यात नाक मुरडायचं कारण नाही. पण टॅक्सीवाला "आठ वाजता न्यायला येतो" म्हणाला, तर तो दुपारी दोनला उभा राहील. तिकिटावरच्या वेळा आपल्याच पद्धतीच्या असतात, म्हणून प्रत्येक वेळी कुठले आठ ते विचारून घ्यायचं. वर्ष तेरा महिन्यांचं. तेरावा महिना पाच दिवसांचा, कधी सहा. नवं वर्ष 11 सप्टेंबरला लागतं आणि सन आपल्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मागे. यांनी लगेच हिशेब केला की इथे राहिलो असतो तर निवृत्तीला अजून अवकाश होता.

अशा थांब्यात यादी करून धावू नये. मर्कातो नावाचा प्रचंड बाजार आहे, पण तो घाईने बघायचा नव्हेच; तिथे शिरलात तर विमान विसरा. आम्ही राष्ट्रीय संग्रहालय निवडलं. तळघरात 'लूसी' आहे. 1974 च्या नोव्हेंबरात अफार प्रदेशात हदारला सापडलेला, सुमारे 32 लाख वर्षांपूर्वीचा सांगाडा. काचेत असते ती प्रतिकृती. खरी हाडं जपून आत ठेवलेली आहेत. उंची जेमतेम साडेतीन फूट, पण दोन पायांवर चालणारी. ती आपली आजी की चुलत आजी, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत व्हायचंय. वरच्या भागात सम्राट हैले सेलासींचं भलंमोठं कोरीव सिंहासन आहे. त्यांना त्याच 1974 च्या सप्टेंबरात पदच्युत केलं आणि राजवाड्यातून नेलं ते साध्या फोक्सवॅगन बीटलमध्ये बसवून. दोन महिन्यांच्या अंतराने देशाने एक राजा घालवला आणि लाखो वर्षांपूर्वीची बाई मिळवली. मी खाली जास्त वेळ उभी राहिले.

जेवणाची मला धास्ती होती, कारण आम्ही दोघंही शाकाहारी. पण तो शुक्रवार होता. इथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांचा बुधवारी आणि शुक्रवारी उपवास असतो, आणि त्या उपवासाला मांस, अंडी तर नाहीच, दूध-तूपही चालत नाही. आपला उपवास दूध-तुपावर तरतो, त्यांचा त्यावरच मोडतो. म्हणून त्या दिवशी हॉटेलात 'बेयाय्नेतू' मागायचं. टेफ नावाच्या बारीक धान्याचं पीठ आंबवून केलेली मोठी, जाळीदार, आंबूस इंजेरा परातीभर पसरलेली, आणि तिच्यावर मसूर, पालेभाजी, कोबी-गाजर-बटाटा, बीट असे ढीग. मधोमध शिरो, म्हणजे हरभऱ्याच्या पिठाचं तिखट, लालसर, चक्क पिठलंच. सगळ्यांनी एकाच परातीत हाताने जेवायचं. वाढणाऱ्या मुलीने एक घास करून माझ्या तोंडापुढे धरला. ही तिथली माया करायची रीत. लग्नातल्या घासानंतर मला कुणी भरवलं नव्हतं, हे मी यांच्याकडे बघून मोठ्याने म्हटलं.

आणि मग कॉफी. अरेबिका मूळची इथल्याच रानातली, त्यामुळे ती नुसती पिऊन उठणं इथे शोभत नाही. जमिनीवर हिरवं गवत पसरलेलं, बाई बुटक्या स्टुलावर बसलेली, शेजारी धूप. ती हिरवे दाणे धुते, समोरच भाजते, आणि धुराची कढई आपल्या नाकापुढून फिरवते. मग कांडते, 'जेबेना' या लांब मानेच्या मातीच्या सुरईत उकळते आणि बिनकानाच्या छोट्या कपांत उंचावरून धार धरते. सोबत लाह्या. एक कप झाला की संपलं असं नाही. त्याच पुडीवर पुन्हा पाणी घालून दुसरा फेरा, मग तिसरा. अबोल, तोना, बेरेका. पहिला कडक, तिसरा अगदी पातळ. पण तिसऱ्याआधी उठणं वाईट दिसतं. यात तास-दीड तास सहज जातो.

शहर बघायला म्हणून आलेला पाहुणा एवढा वेळ बसत नसावा. त्याला अजून चार ठिकाणं गाठायची असतात. आम्हाला काहीच गाठायचं नव्हतं, रात्रीच्या विमानाखेरीज. शेजारच्या स्टुलावर एक म्हातारे गृहस्थ होते. आम्ही भारतीय आहोत कळल्यावर त्यांनी लहानपणच्या गणिताच्या भारतीय मास्तरांची चौकशी केली. हैले सेलासींच्या काळात आपल्याकडचे पुष्कळ शिक्षक तिकडच्या शाळांवर गेले होते. ते मास्तर कुठले, हे काही त्यांना सांगता येईना. मारायचे मात्र खूप, एवढं ठाम आठवत होतं.

परतताना वेळ हाताशी ठेवावी. बोलेला इमारतीत शिरतानाच एक तपासणी होते आणि आत पुन्हा एक. आम्ही लवकर पोचलो आणि हे शेवटी बॅग उशाला घेऊन पडलेच. पोटात शिरो असल्यावर झोपही बरी लागत असावी, घोरणं तरी तसंच होतं. लेकीला आता सांगून ठेवलंय, पुढच्या वेळी तिकीट काढशील ते बुधवारचं नाहीतर शुक्रवारचं बघ.