वाक्य शेवटपर्यंत: हवालदाराची भूमिका, भोंगा आणि पोत्यांची खोली

यंदाच्या मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या, नाटकात मला हवालदाराची भूमिका मिळाली, हे आधी सांगून टाकतो. दोनच प्रवेश आहेत आणि संवाद थोडे, पण दुसऱ्या प्रवेशातल्या एका वाक्यावर सगळं नाटक वळतं. "पाटील, फिर्यादीत तुमचं नाव नाही." पोळ्यापासून दिवाळीपर्यंत या एका वाक्यानं मला जेवढं शिकवलं तेवढं मोबाइलवरच्या कुठल्याच व्हिडिओनं शिकवलं नाही. त्यामुळे ही नोंद बहुतेक त्याच्याच भोवती फिरणार आहे.

आमच्याकडचं ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या धानाच्या पट्ट्यात दिवाळी झाली की गावोगावी मंडई भरते, आणि मंडई म्हटली की रात्री नाटक आलंच. झाडीपट्टी रंगभूमी ती हीच. देसाईगंज म्हणजे आमचं वडसा हे तिचं मुख्य ठाणं, नाट्यमंडळांचं बुकिंग आणि कलाकारांच्या तारखा तिथून हलतात. भाऊबीजेच्या सुमारास हंगाम उघडतो तो होळीपर्यंत. पडदा रात्री दहा-अकराला उघडतो आणि तांबडं फुटायच्या सुमारास पडतो. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा आमच्या सेतू केंद्रात दाखल्यासाठी रांगेत उभे असलेले लोकही दुसरं काही बोलत नव्हते. काही गावं व्यावसायिक मंडळ बोलावतात. काही गावांत अजूनही गावातलीच पोरं उभी राहतात, आणि स्त्री-भूमिकांच्या कलाकार, वाद्यवाले, सीनसिनरी तेवढी बाहेरून येते. आमचं गाव दुसऱ्यातलं. नवशिक्याला याहून चांगली शाळा मला तरी माहीत नाही. फी नाही, प्रवेश परीक्षा नाही, आणि पहिल्याच दिवशी समोर हजारभर माणसं बसलेली असतात.

आता ते वाक्य.

मराठीत क्रियापद शेवटी येतं. होकार-नकारही शेवटीच येतो. "फिर्यादीत तुमचं नाव" एवढं ऐकून प्रेक्षकाला काहीच कळत नाही, सगळा भार शेवटच्या दोन अक्षरांवर. आणि नवख्याचा श्वास नेमका तिथेच संपतो. आपण बोलताना वाक्याच्या सुरुवातीला जोर लावतो, मधे सावरतो आणि शेवटाकडे आवाज सोडून देतो. घरात, पारावर हे चालून जातं, कारण समोरचा आपलं तोंड बघून उरलेलं समजून घेतो. कनातीच्या शेवटच्या टोकाला, थंडीत घोंगडं पांघरून बसलेल्या माणसाला ती सोय नसते. त्याच्यापर्यंत "नाही" पोचला नाही, तर त्याच्या हिशेबानं पाटील गुन्ह्यात अडकला, आणि पुढचा तासभर तो वेगळंच नाटक बघत बसतो.

आमच्याकडे प्रॉम्प्टिंग करणारे, म्हणजे नटांना विंगेतून संवाद सुचवणारे, एक वयस्क गृहस्थ आहेत, सगळे त्यांना मास्तर म्हणतात. वही आणि टॉर्च घेऊन विंगेत बसतात. झाडीपट्टीत तालमी कमी आणि प्रयोग जास्त, त्यामुळे प्रॉम्प्टर हा अर्धा दिग्दर्शकच असतो. तालमीच्या दुसऱ्या-तिसऱ्या रात्री ते मला म्हणाले, "सुरुवात मी देतो गा. शेवट तुलेच आनाव लागते." मी ते वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे.

त्यांनी दिलेला सराव असा. वाक्य मागून बांधायचं. आधी फक्त "नाही". मग "नाव नाही". मग "तुमचं नाव नाही". मग "फिर्यादीत तुमचं नाव नाही". शेवटी "पाटील" पुढे जोडायचं. प्रत्येक वेळी "नाही"ला पहिल्या वेळेइतकाच श्वास मिळाला पाहिजे. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या: "नाही" ओरडायचा नाही. सूर खाली आला तरी चालतो, साध्या विधानात तो खाली येणारच. श्वास मात्र खाली सुटता कामा नये. हात बरगड्यांच्या खाली ठेवून म्हणून बघा. शेवटच्या अक्षरापर्यंत बरगड्या फुललेल्या राहिल्या तर जमलं. त्या मधेच बसल्या, तर शेवटची अक्षरं नुसत्या गळ्यावर चाललीत असं समजा. माझं वाक्य जमलं ते श्वासाची जागा बदलल्यावर. "पाटील" म्हणायचं, थांबायचं, तिथे श्वास घ्यायचा आणि उरलेलं एका दमात न्यायचं. थांबण्यानं हवालदाराचं वजनही वाढतं. पाटलाला नावानं हाक मारून जो थांबू शकतो तो घाबरलेला हवालदार नसतो. श्वासाची जागा शोधायला गेलो आणि भूमिका हाताशी आली. अभिनय आणि आवाज असे दोन वेगळे विषय शिकायला निघालेल्यांनी यावर थोडा विचार करावा, असं मला मनापासून वाटतं.

यात आणखी एक भिडू आहे, ऑर्गनवाला. आमच्या रंगमंचापुढे ऑर्गन, तबला, पॅड घेऊन वादक बसतात आणि जोरकस संवाद पडला की त्याच क्षणी सुरांचा तडाखा देतात. लोकांना तो फार आवडतो, मलाही आवडतो. पण तो तडाखा वाक्याच्या शेवटावरच पडतो. तुमचा "नाही" अर्धा असताना ऑर्गन वाजला, तर "नाही" गेला. ऑर्गनवाला तुमच्या तोंडाकडे आणि हाताकडे बघत असतो, म्हणून त्याच्याशी खूण ठरवून घ्यावी लागते. आमचं ठरलं ते असं: "नाही" पूर्ण झाला की मी टोपी काखेत घेतो, आणि टोपी काखेत गेली की तडाखा. तालमीत हे पहिल्यांदा जुळून आलं तेव्हा मास्तरांनी टॉर्च दोनदा उघडझाप केली. त्यांची शाबासकी ती तेवढीच, पण मला त्या रात्री झोप लागली नाही.

मंडईच्या आठवडाभर आधी दुसरं काम आलं आणि ते माझं आवाजाचं पहिलं जाहीर काम. नाटकाची जाहिरात करायला भोंगा लावलेली गाडी आजूबाजूच्या गावांतून फिरते, तिचं रेकॉर्डिंग मंडळानं मला करायला सांगितलं. आवाजाच्या क्षेत्रात यायचं म्हणजे मुंबईतला डबिंग स्टुडिओ असं चित्र आपल्या डोक्यात असतं. विदर्भाच्या खेड्यात मात्र आवाजाचं पहिलं काम भोंग्याचंच मिळतं, आणि ते सोपं अजिबात नाही.

भोंग्याचा कर्णा खालचे सूर जवळपास गाळूनच टाकतो. घुमणारा, खर्जातला, सिनेमाच्या जाहिरातीसारखा आवाज काढला की कर्ण्यातून त्याचा चिखल येतो. तिथे स्वरांपेक्षा व्यंजनं कामी येतात. त, ट, क, च स्पष्ट फोडली की गाडी पुढे गेली तरी शब्द मागे ऐकू येतो. शिवाय घरांच्या भिंतींवरून आवाज उलटून येतो, म्हणून दोन वाक्यांत नेहमीपेक्षा जास्त जागा सोडावी लागते. मी वार, वेळ आणि गाव ही तीनच माहिती तीन वेळा फिरवून सांगितली. मंडळानं दिलेल्या मजकुरात "लहान मुलांना तिकीट लागणार नाही" असं होतं. पुन्हा तोच "नाही", आणि तोही चालत्या गाडीवर. मी मंडळाला विचारून ते "लहान मुलं मोफत" असं करून घेतलं. रंगमंचावर लेखकाचं वाक्य बदलायचा आपल्याला अधिकार नाही. जाहिरातीत मात्र कानाला सोयीचं वाक्य मागून घ्यावं, कोणी नाही म्हणत नाही.

रेकॉर्डिंग कुठे करायचं हा प्रश्न खूप जण विचारतात. आमच्या घरी धानाची पोती ठेवायची खोली आहे. मळणी झाली की तिथे छतापर्यंत थप्पी लागते. रिकाम्या खोलीत टाळी वाजवली तर भिंतीवरून झणझणीत उत्तर येतं. पोती लागल्यावर त्याच खोलीत टाळी वाजवली तर ती तिथल्या तिथे विझते. तीन बाजूंना पोती, पाठीमागे दोरीवर दोन जाड गोधड्या, पंखा बंद, मोबाइल एअरप्लेन मोडवर, एवढाच माझा स्टुडिओ. माइक तोंडापासून एक वीत दूर ठेवतो आणि सरळ समोर न ठेवता किंचित कडेला घेतो. प, फ, ब, भ म्हणताना हवेचा झोत निघतो तो मग माइकवर आदळत नाही. "भाऊबीज" आणि "फिर्यादी" हे दोन शब्द म्हणून बघा, लगेच फरक कळेल. फार जवळ गेलं तर एका बाजूनं ऐकणारे माइक आवाजात खोटा खर्ज भरतात. ऐकायला तो गोड लागतो, पण भोंग्यासाठी निरुपयोगी.

कॉम्प्युटरवर ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर वापरतो, फुकट आहे आणि पुरेसं आहे. फाइल वेव्ह या न दाबलेल्या प्रकारातच ठेवतो. ऑडिओबुकचं ज्यांच्या मनात आहे त्यांनी एसीएक्स या मंचाची मापं समोर ठेवून सराव करावा: सर्वात मोठा आवाज उणे ३ डेसिबलच्या वर जायला नको (शून्य म्हणजे रेकॉर्डिंगची कमाल पातळी), सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ च्या दरम्यान हवी, आणि आपण गप्प असताना खोलीचा आवाज उणे ६० च्या खाली हवा. पोत्यांच्या खोलीत रात्री अकरानंतर तो तेवढा खाली जातो. पावसाळ्यात जात नाही, बेडूक ऐकत नाहीत.

इथेही वाक्याचा शेवट सुटलेला नाही. मोबाइलमधली आणि बऱ्याच ॲपमधली आवाज साफ करणारी सोय हळू आवाजाला खोलीचा गोंगाट समजते आणि कापते. म्हणजे शेवटी श्वास सोडलात की आधीच मंद झालेला "नाही" यंत्र उरलासुरलाही खाऊन टाकतं. स्क्रीनवर वाक्याची लहर बघा. शेवटी ती सुतासारखी बारीक होत असेल, तर सफाई करण्याआधी वाक्यच पुन्हा म्हणा. माझी परीक्षा मी वहिनींकडून करून घेतो. त्या चुलीपाशी भाकरी टाकत असतात, मी शेजारच्या खोलीत रेकॉर्डिंग लावतो आणि काय ऐकू आलं ते विचारतो. परवा म्हणाल्या, "नाव नाई म्हनला ना? आलं ऐकू." थापण्याच्या आवाजातून ते पोचलं, म्हणजे कनातीच्या टोकालाही पोचेल असा मला विश्वास आहे.

बोलीबद्दल इतकंच. झाडीबोलीत ळ चा र होतो आणि ण चा न. डोळा डोरा होतो, पाणी पानी. रंगमंचावर हवालदार असाच बोलतो आणि असाच बोलला पाहिजे. ऑडिओबुकसाठी मात्र रोज सकाळी ळ आणि ण चे शब्द वेगळे म्हणतो. दोन्ही ठेवायचं ठरवलं आहे, एकासाठी दुसरं सोडायचं नाही. स्टोरीटेल हे ऑडिओबुकचं ॲप २०१७ मध्ये भारतात आलं तेव्हापासूनच त्यावर मराठी पुस्तकं आहेत. ग्रामीण पात्रांचे संवाद खऱ्या बोलीत वाचणारे आवाज अशा ठिकाणी पुढेमागे लागतीलच, अशी माझी आशा आहे.

घशाची काळजी हा आमच्याकडे वेगळाच विषय आहे, कारण मळणी आणि नाटक एकाच वेळी येतात. थ्रेशरपाशी दिवसभर कोंडा नाकातोंडात जातो आणि रात्री दहिवरात उभं राहून बोलायचं असतं. मी तोंडाला ओलं फडकं बांधतो, दिवसभर पाणी पितो आणि तालमीआधी ग्लासातल्या पाण्यात नळी बुडवून तिच्यातून "ऊ" असा स्वर काढत बुडबुडे सोडतो. पाचेक मिनिटांत गळा सैल होतो. घसा बसलाच तर कुजबुजत बोलू नका, त्यानं ताण वाढू शकतो. गप्प राहिलेलं बरं.

पुढचं. नागपूर आकाशवाणी १९४८ पासून चालू आहे आणि आमच्या घरातल्या मागच्या पिढीनं नाटक म्हणजे काय हे तिच्यावरच्या श्रुतिकांतून ऐकलं. नाट्य कलाकाराची ऑडिशन देऊन ग्रेड मिळवता येतो, ती देण्याचं मनात आहे. श्रुतिकेत टोपी काखेत घेऊन खूण करता येत नाही, सगळं आवाजातच आणावं लागतं, म्हणून तिची तयारी वेगळी लागेल. सांस्कृतिक कार्य संचालनालयाच्या राज्य हौशी नाट्य स्पर्धेचं एक केंद्र चंद्रपूरला असतं, पण प्राथमिक फेरी बहुतेक मंडईच्याच दिवसांत येते, त्यामुळे यंदा फक्त प्रेक्षक म्हणून एखादा प्रयोग गाठायचा विचार आहे.

मंडईचा प्रयोग झाला की पुढची नोंद लिहीन. त्याआधी कोणाला ठाऊक असेल तर दोन गोष्टी सांगा. टांगत्या माइकखाली उभं राहून पाठमोरं बोलायची वेळ आली तर शब्द कसे वाचवायचे, कारण पहिल्या प्रवेशात माझी पाठ प्रेक्षकांकडे आहे आणि दिग्दर्शक ती जागा बदलायला तयार नाहीत. आणि श्रुतिकेच्या ऑडिशनला कोणी जाऊन आलं असेल, तर कागद हातात मिळाल्यावर वाचून बघायला वेळ मिळतो का, तेवढं कळवा.