एल्डन रिंग : लिमग्रेव्हमधली पहिली भटकंती आणि मागून येणाऱ्यांसाठी वाटखुणा

‘एल्डन रिंग’ या व्हिडिओ गेममधल्या लिमग्रेव्ह या पहिल्या प्रदेशात पोचल्यावर सगळ्यात आधी थांबायचं आणि चारी बाजूंना नजर फिरवायची. भुयारातून वर येऊन जड दार ढकललं की एकदम आभाळ मोकळं होतं. समोर माळ, झाडीत एक पडकं चर्च, लांब कड्यावर स्टॉर्मव्हीलचा किल्ला आणि या सगळ्यावर उरून राहिलेलं एर्डट्री नावाचं सोनेरी झाड. इतकं प्रचंड की क्षितिजच त्याला टेकून उभं आहे असं वाटतं. इथून पुढचं जवळजवळ सगळं या पहिल्या नजरेत कुठे ना कुठे दिसलेलं असतं.

फ्रॉमसॉफ्टवेअरने हा गेम फेब्रुवारी २०२२ मध्ये आणला. दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी. त्यांच्या आधीच्या गेममध्ये वाटा अरुंद आणि एकमेकींत गुंतलेल्या असायच्या. इथे कुंपण काढून टाकलंय, पण हात धरून नेणारं कुणी ठेवलेलं नाही. कामांची यादी नाही, नकाशावर उद्गारचिन्हं नाहीत. त्यामुळे सुरुवातीला ‘लढू कसं’ यापेक्षा ‘जाऊ कुठे’ हा प्रश्न मोठा असतो. अनेक जण तिथेच अडतात, किल्ल्याच्या पुलावर मार खातात आणि गेम बाजूला ठेवतात. मला ते फार वाईट वाटतं, म्हणून माझी वाट जरा सविस्तर लिहिते.

निघण्याआधी थोडं. सुरुवातीला दहा प्रकारचे योद्धे निवडायला मिळतात. नव्या माणसाने व्हॅगाबॉन्ड घ्यावा, कारण त्याची ढाल साध्या हत्यारांचा वार पूर्ण अडवते. लांबून लढायचं असेल तर अ‍ॅस्ट्रॉलॉजर. रेच मात्र दुसऱ्या खेपेसाठी ठेवा, त्याच्या अंगावर कपडेसुद्धा नसतात. गेमच्या अगदी सुरुवातीच्या गुहेत एक भूत खड्ड्याच्या काठाशी बसलेलं दिसेल. त्या खड्ड्यात बिनधास्त उडी मारा. मारा कसा करायचा, ढाल कशी धरायची, दबकून मागून वार कसा करायचा, हे सगळं खालीच शिकवलंय. सरळ पुढे गेलात तर ही शिकवणी चुकते.

बाहेर आल्यावर पहिल्या ग्रेसपाशी बसा. ग्रेस म्हणजे जमिनीलगत तरंगणारा सोनेरी उजेड. तिथे विसावलं की प्राण आणि औषधाच्या कुप्या भरतात, आणि मारलेले शत्रूही परत जिवंत होतात. त्यातून निघणारे सोनेरी किरण कुठल्या तरी दिशेला झुकलेले दिसतील. या किरणांवर विश्वास जरूर ठेवा, पण ते कथा कुठे आहे एवढंच सांगतात. तुमची तिथे जायची तयारी झाली आहे का, हे त्यांना ठाऊक नसतं. पहिले किरण तुम्हाला थेट स्टॉर्मव्हीलकडे पाठवतात, आणि तिथे इतक्या लवकर जाऊ नये.

जवळच पायवाटेवर सोन्याच्या चिलखतातला घोडेस्वार फेऱ्या मारताना दिसतो, हा ट्री सेंटिनल. त्याची ढाल, भाला आणि घोड्याच्या अंगावरचं चिलखत बघून घ्या, देखणा आहेच. पण झाडीच्या आडोशाने लांबून वळसा घालून त्या पडक्या चर्चला, म्हणजे चर्च ऑफ एलेहला जा. इतका तगडा शत्रू दाराशीच उभा करण्यात एक शहाणपण आहे, असं माझं मत आहे. त्याला बघून कळतं की इथे प्रत्येक गोष्टीशी आत्ताच भिडायचं नसतं. वाट बदलता येते आणि नंतर परत येता येतं. ही गोष्ट गेम एक शब्द न बोलता पहिल्या दहा मिनिटांत शिकवतो.

चर्चमध्ये काले नावाचा व्यापारी शेकोटीशी बसलेला असतो. त्याच्याकडून क्राफ्टिंग किट (गोळा केलेल्या वस्तूंतून सामान बनवायचं साहित्य) आणि मशाल घ्या. मशालीशिवाय काही गुहांमध्ये हाताला हात लागत नाही. तिथल्या ऐरणीवर हत्यार +३ पर्यंत सुधारता येतं. मग रस्त्याने गेटफ्रंटकडे निघा. सैनिकांची छावणी आहे, दबकून जा. रस्त्याकडेच्या दगडी खांबापाशी लिमग्रेव्हचा नकाशा मिळतो. असे खांब कोऱ्या नकाशावरही बारीक खुणेने दाखवलेले असतात, त्यामुळे नव्या प्रदेशात शिरल्यावर आधी ती खूण शोधायची. इथल्या पडक्या वाड्याच्या तळघरात पेटीत व्हेटस्टोन नाइफ आहे, तो घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. हत्यारांवर वेगवेगळी कौशल्यं चढवायला तो लागतो.

उघड्या रानातल्या दोन-तीन ग्रेसपाशी विसावून झालं की मेलिना नावाची तरुणी भेटते, बहुतेकांना गेटफ्रंटलाच. तिच्यामुळे रून, म्हणजे शत्रू मारून मिळणारं चलन, खर्चून लेव्हल वाढवता येते आणि टॉरंट हा घोडाही मिळतो. टॉरंट आल्यावर हा प्रदेश निराळाच होतो. तो हवेतच दुसरी उडी मारतो, त्यामुळे कडे चढता येतात. जमिनीतून वर घुमणाऱ्या वाऱ्याच्या झोतात शिरून उडी मारली तर तो थेट वरच्या पठारावर नेतो. घोडा मिळाल्यावर एकदा चर्च ऑफ एलेहला परत या. पडक्या भिंतीवर रेना नावाची जादूगार बसलेली असते, ती आत्म्यांना बोलवायची घंटा आणि तीन लांडगे देते. एकट्याने लढणाऱ्याला हे लांडगे फार उपयोगी पडतात.

आता दिशेचं. किरण उत्तरेला दाखवत असले तरी तुम्ही दक्षिणेला वळा. पूल ओलांडला की वीपिंग पेनिन्सुला हा द्वीपकल्प लागतो. पुलावर पहारा आणि मोठे बाण सोडणारं यंत्र आहे, घोड्यावरून न थांबता पलीकडे जायचं. पलीकडे रस्त्याच्या कडेला इरिना नावाची आंधळी मुलगी भेटते. तिचं पत्र कॅसल मॉर्नमध्ये तिच्या वडिलांना द्यायचं असतं. इथले शत्रू सोपे आहेत, आणि तीन चर्चमध्ये मिळून तीन सेक्रेड टिअर मिळतात. प्रत्येकाने औषधाच्या कुपीची ताकद वाढते. सुरुवातीला कुप्या मोजून चार असतात. त्यांची संख्या वाढवायला गोल्डन सीड लागतात. रस्त्याकडेला छोटं सोनेरी झाड चमकताना दिसलं की त्याच्या बुंध्याशी ते असतं. एक गेटफ्रंटच्या पुढे स्टॉर्महिलच्या चढावरच आहे.

लिमग्रेव्हच्या मधोमध अगीलचं तळं आहे. पाण्यात शेकोटीभोवती काही जण दिसले आणि तुम्ही जवळ गेलात, की वरून ड्रॅगन उतरतो. घोड्यावर असाल तर सरळ पळ काढा, तो फार लांबवर पाठलाग करत नाही. याच तळ्यालगतच्या जळक्या अवशेषांच्या तळघरात एक पेटी आहे. ती उघडली की धूर निघतो आणि तुम्ही दूर केलिड नावाच्या प्रदेशातल्या एका खाणीत जाऊन पडता. खाणीच्या आतून नकाशावरून परतता येत नाही. घाबरून लढत बसू नका, दबकत उघड्यावर या आणि बाहेर पडल्याबरोबर नकाशा उघडून परत जा. बाहेरचं लाल आभाळ आणि सडलेली जमीन मात्र क्षणभर बघाच. इतकं भीषण आणि इतकं सुंदर रंगकाम मी क्वचितच पाहिलंय.

हेडफोन लावून खेळा, असं मी आग्रहाने सांगेन. एका ठिकाणी झुडूप हाका मारतं. स्टॉर्महिलवर जमिनीत रुतलेलं भलंमोठं रांजण मदतीसाठी ओरडतं, त्याचं नाव अलेक्झांडर. मिस्टवुड जंगलातल्या अवशेषांपाशी वरून लांडग्याचं विव्हळणं ऐकू येतं आणि दिसत कुणीच नाही. कालेला जाऊन त्याबद्दल विचारलं की तो चुटकी वाजवायला शिकवतो. परत जाऊन तिथे चुटकी वाजवली की ब्लाइद नावाचा लांडग्याच्या तोंडाचा योद्धा खाली उडी मारतो. या सगळ्याची नोंद कुठेही होत नाही. कुणी काय बोललं ते कागदावर लिहून ठेवा आणि नकाशावर खुणा करत चला.

त्याच मिस्टवुडमध्ये प्रचंड अस्वलं आहेत, त्यांच्या वाटेला जाऊ नका. पण जंगलात एक गोल दगडी इमारत दिसेल, सिओफ्रा रिव्हर वेल. आत लिफ्ट आहे. मधोमध उभं राहिलं की ती खाली निघते, आणि जातच राहते. भिंती वर सरकतात, आता थांबेल म्हणावं तरी थांबत नाही. आता जमीन किती वर राहिली याचा अंदाज सुटतो, आणि मग भिंत संपून बाजू उघडी होते. समोर जांभळ्या अंधारात चांदण्यांनी भरलेलं आकाश, जमिनीच्या पोटात. खाली नदी, खांबांच्या रांगा, कुठल्या तरी संपलेल्या राज्याचे अवशेष. नकाशावर या सगळ्याचा मागमूसही नव्हता. मी कितीतरी वेळ पुढे पाऊल टाकलं नाही. या गेमचं मोठेपण मला विचाराल तर मी हीच लिफ्ट दाखवीन. तिथले शिंगं असलेले तिरंदाज फार लांबून अचूक मारतात, म्हणून खांबांच्या आडून जा. नदीकाठचा ग्रेस गाठून ठेवलात तरी पहिल्या फेरीला पुरे.

रूनचा हिशेब ठेवा. मेलात तर जवळचे सगळे रून तिथेच पडतात. ते उचलायच्या आधी पुन्हा मेलात तर कायमचे गेले. म्हणून अनोळखी गुहेत शिरण्याआधी ते लेव्हलवर किंवा सामानावर खर्चून टाका. सापडलेले गोल्डन रून मात्र फोडेपर्यंत सुरक्षित राहतात, ते गरजेपुरतेच फोडा. लेव्हल वाढवताना आधी व्हिगर, म्हणजे प्राण वाढवणारा गुण, ताकद नंतर. मेनू उघडला म्हणून खेळ थांबत नाही, तेव्हा मध्येच उठायचं असेल तर आधी ग्रेसपाशी बसा आणि मगच उठा. रात्री रस्त्यावर आणि पुलांवर काळे घोडेस्वार फिरतात. ते नको असतील तर ग्रेसपाशी बसून सकाळ करता येते.

एवढं झालं की लेव्हल पंचविसाच्या आसपास जाते, आणि मग स्टॉर्मव्हीलच्या पुलावर वाट अडवणारा मार्गिट हा तगडा शत्रू आवाक्यात येतो. तो हात वर उचलून मुद्दाम रेंगाळतो, तेव्हा लोळण घ्यायची घाई करू नका, वार खाली येताना घ्या. त्याच्यानंतर गोस्टॉक नावाचा माणूस किल्ल्याचा मुख्य दरवाजा उघडू का म्हणून विचारतो आणि बाजूची वाटही सुचवतो. बाजूचीच घ्या. मुख्य दारामागे बाणांचा पाऊस आहे, आणि किल्ल्याच्या खऱ्या गमती, तटावरच्या अरुंद वाटा, बंद खोल्या, शिड्या, त्या बाजूनेच नीट बघायला मिळतात. मार्गिट अजिबातच जमत नसेल तर किल्ल्याच्या बाहेरून कड्याकडेने एक वाट लिउर्नियाच्या सरोवराकडे जाते. तिकडे फिरून, बळ वाढवून परत यायला काहीच हरकत नाही.