पिशवी पुन्हा फिरली: राब ते झोडणी, आठ महिन्यांची नोंद

मागच्या नोंदीत मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं, ‘पिशवीत ३४ पुस्तकं, वाचक ९, महिन्याला बाहेर जातात जेमतेम दोन.’ त्याखाली रडगाणं होतंच, की बायकांना वेळ नाही, गोडी नाही. ते रडगाणं मागे घेते. आकडे खरे होते, पण मी भलतंच मोजत होते.

नव्यांसाठी थोडक्यात. मी राहते ठाणे पूर्वेला, कोपरीत. माहेर शहापूर तालुक्यात, किन्हवलीच्या अंगाला. दर दुसऱ्या शनिवारी ठाण्याहून आसनगाव लोकल, पुढे जीप. खांद्यावर तांदूळ आणायची असते तसली जाड पिशवी, आत पुस्तकं. मुक्काम भावाकडे. रविवारी समाजमंदिरात बचत गटाची बैठक झाली की वर्गणीची वही मिटते आणि माझी पिशवी उघडते. फी नाही, दंड नाही.

एप्रिल

चूक कुठे झाली ते आधी सांगते. ठाण्यात मी मराठी ग्रंथसंग्रहालयाची जुनी सभासद. वि. ल. भावे यांच्या पुढाकाराने १८९३ साली उभी राहिलेली संस्था. तिथलं कार्ड, क्रमांक, परतीची तारीख या सगळ्याचं मला लहानपणापासून अप्रूप. तीच शिस्त मी पिशवीला लावली. वहीत तीन रकाने: तारीख, पुस्तक, नाव. ज्याच्यापुढे नाव ते वाचलं गेलं, बाकीची पडून. माझा हिशोब एवढाच.

एप्रिलात राब, म्हणजे भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा पसरून जाळायची जागा, भाजून झाले होते. पुस्तकं गेली एकूण दोन. एक वहिनीने घेतलं, तेही मला वाईट वाटू नये म्हणून.

मे

तालुक्यात भातसा आहे, तानसा आहे, त्यांचं पाणी मुंबईला जातं आणि मे महिन्यात आमच्याकडे टँकर येतो. हे इथे कोणी आता तक्रार म्हणूनही बोलत नाही. टँकर दहाला येणार म्हणजे बारापर्यंत हंड्यांची रांग आणि बायका आंब्याच्या सावलीला. मीही वहिनीचा हंडा धरून बसले होते. बघते तर बारावीला गेलेली एक मुलगी ‘स्मृतिचित्रे’ मोठ्याने वाचतेय आणि भोवती आठ जणी. लक्ष्मीबाई टिळकांच्या वडिलांच्या सोवळ्याचं प्रकरण चाललं होतं. एक जण हसता हसता हंड्यावर आडवी झाली. माझ्या वहीत त्या पुस्तकापुढे एकच नाव होतं, आणि ते त्या पोरीच्या आईचं. तिला तर अक्षर ओळख जेमतेम सहीपुरती.

मी विचारलं, ‘असं कधीपासून वाचताय?’

‘शिमग्यापासून,’ वहिनी म्हणाली. ‘ताई, तुम्ही विचारता पुस्तक कोणी नेलं. ऐकलं कोणी, ते कुठे विचारता?’

त्याच दुपारी वहीची पानं नव्याने आखली. आता रकाने असे: कोणी वाचून दाखवलं, किती जणी बसल्या, आणि ‘पुढे कोणाला द्यावं व का’. शेवटचा रकाना सहज सुचला म्हणून घातला. आज तुमच्यापैकी कोणी विचारलं, की पिशवीत सगळ्यात किमती काय, तर मी तोच रकाना दाखवेन. तुम्ही नुकतं सुरू करत असाल तर पहिल्या दिवसापासून ठेवा. ‘पुस्तक कसं वाटलं?’ विचारलं की उत्तर येतं ‘छान’. ‘पुढे कोणाला देऊ?’ विचारलं की बाई विचारात पडते, गावभर नजर फिरवते, आणि मग बोलते.

‘स्मृतिचित्रे’समोरचा शेरा जसाच्या तसा: ‘ज्या बाईचा नवरा न सांगता घर सोडून जातो तिला आधी द्या. हसंल पण, रडंल पण.’ गावात अशा तीन बायका आहेत, असंही तोंडी कळलं. तिघींकडे गेलं. मला गेली वीस वर्षं हे पुस्तक आवडतं, पण मी शिफारस करताना म्हणायचे ‘मराठीतलं श्रेष्ठ आत्मचरित्र’. त्यावर कोणी हात पुढे केला नव्हता.

जून

बांधणीबद्दल. जाड पुस्तक बघूनच बायका मागे सरतात, शिवाय एका वेळी एकीकडेच राहतं. म्हणून ‘स्मृतिचित्रे’ बाइंडरकडे नेऊन चार तुकड्यांत बांधून घेतलं. माझ्या साहित्यप्रेमी भावजयीला, ठाण्यातल्या, हा गुन्हा वाटला. पण पुस्तक १९३४ पासून निघालं तेच मुळी भागाभागाने, चार भागांत, त्यामुळे मनाला टोचणी लागली नाही. तुकडा हलका असतो, भाकऱ्या करताना चुलीशेजारी उघडा ठेवता येतो, आणि एकाच वेळी चार घरांत फिरतो. फक्त पाठीवर आकडा मोठा घाला. एकीने तिसरा भाग आधी वाचला आणि आठवडाभर माझ्यावर चिडून होती.

दुसरी खरेदी: वाचायचे दोन चष्मे, दीड आणि अडीच नंबरचे, ठाणे स्टेशनबाहेरून. पिशवीतली सर्वांत जास्त मागणी या चष्म्यांना आहे. चाळिशी ओलांडलेल्या निम्म्या बायका ‘मला वाचायची आवड नाही’ म्हणतात त्याचा अर्थ ‘मला दिसत नाही’ असा असतो. अडीचवाला परत आला नाही. आणखी घेतला.

नको ती देणगी हाही एक विषय आहे. एका सोसायटीतून दोन खोकी आली. उघडली तर दहावीचे जुने गाइड, शेअर बाजार, आणि ‘यशस्वी व्हा’ छापाची सतरा. गावात नेलीही सगळी, म्हटलं मी कोण ठरवणार. त्यांतलं एक अंगणवाडीच्या ताईंनी वाचलं आणि शेरा लिहिला, ‘यात लिहिलंय पहाटे पाचला उठा. लेखकाला द्या, कोणालाही द्या, आम्हाला नको.’ सतराच्या सतरा रद्दीत, आणि आलेल्या पैशांत ‘रुचिरा’ची जुनी प्रत.

‘रुचिरा’बद्दल मला शंका होती. १९७० सालचं, कमलाबाई ओगल्यांचं पुस्तक, आमच्या गावच्या चुलीवर काय चालणार? चाललं. माप वाटीचं आणि चमच्याचं असल्यामुळे कोणाला काही विचारावं लागत नाही. आता प्रत परत येते ती तेलकट बोटांच्या ठशांनी भरून, आणि मागच्या कोऱ्या पानांवर गावाने स्वतःची भर घातलीय. शेवळांची, म्हणजे पावसाच्या तोंडावर उगवणाऱ्या रानभाजीची, कृती तीन वेगवेगळ्या अक्षरांत आहे. तिन्हींत एका गोष्टीवर एकमत, काकडं (आंबट रानफळं) घातल्याशिवाय शेवळाची खाज जात नाही. बाकी वाल घालायचे की सुकट, यावर पानाच्या कडेला भांडण.

जुलै, ऑगस्ट

आवणी, म्हणजे भाताची लावणी. वहीत दोन महिने भोपळा. पूर्वी मी याला अपयश म्हटलं असतं.

ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी गेले तर चिखलात वाकलेल्या बायका गोष्ट सांगत होत्या, आणि ती गोष्ट ओळखीची निघाली. ‘जिणं आमुचं’ मेअखेर आमच्या दुकानवाल्या काकींकडे गेलं होतं. त्यांना मीच दिलं, कारण बेबी कांबळे फलटणला किराणा दुकान चालवायच्या, माल बांधायला आलेली रद्दी वाचून काढायच्या, आणि स्वतःचं लिखाण घरच्यांपासून लपवून ठेवायच्या. वीसेक वर्षं लपवलेलं ते लिखाण १९८६ साली पुस्तक होऊन आलं. काकींनी दुकानात बसून वाचलं आणि मीठ-तेल न्यायला येणाऱ्या प्रत्येकीला थोडं थोडं सांगितलं. तिथून ते शेतात पोचलं. पुस्तक स्वतः जागचं हललं नव्हतं. काकींच्या गल्ल्याखालीच होतं.

पावसाने मात्र घात केला. मी सगळ्या पुस्तकांना हौसेने प्लॅस्टिकची कव्हरं घातली होती. ओल आत अडकली आणि अकरा पुस्तकांना बुरशी धरली. मिठाची पुरचुंडी ठेवून पाहिली, मिठाचं पाणी झालं आणि डाग वाढले. हे कोणी करू नका. शेवटी वहिनीने पत्र्याची ट्रंक उचलून चुलीवरच्या माळ्यावर ठेवली. ‘बियाणं टिकतं धुरात, पुस्तकं का नाय टिकणार?’ आत सुकलेला कडुलिंबाचा पाला, कव्हरं काढून खाकी कागद. सप्टेंबरात उघडलं तेव्हा बुरशी वाढलेली नव्हती, कसर तर औषधालाही नाही. पुस्तकांना धुराचा वास लागलाय तो लागलाच. कोपरीत घरी आणलं की मुलगा विचारतो, ‘आई, कुठे जळतंय?’

सप्टेंबर

या नोंदीतलं मला सर्वांत जास्त सांगायचंय ते हे.

गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ मी दोन वर्षं पिशवीत वागवत होते. १९७० साली आलेलं, १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेलं. वारल्यांनी १९४५ मध्ये जमीनदारांची वेठ नाकारली त्या लढ्याची हकिगत, आणि सांगणारी बाई स्वतः त्यात उतरलेली. मला वाटायचं, जड आहे, कोण घेणार. गणपतीनंतरच्या बैठकीत गटातल्या आशाताईंनी सहज हातात घेतलं आणि तलासरी, डहाणू अशी नावं बघून म्हणाल्या, ‘हे तर आपल्याच जिल्ह्यातलं.’ पालघर वेगळा झाला १ ऑगस्ट २०१४ ला, त्याआधी सगळं ठाणेच. तिथल्या तिथे वाचायला लागल्या.

बैठकीला ठाकूरवाडीतली एक म्हातारी येते, आम्ही तिला आजी म्हणतो. तिला वाचता येत नाही, आणि माझ्या पुस्तकांत आजवर तिने रस दाखवला नव्हता. ती येते ती सुनेच्या हप्त्यासाठी. आशाताई लग्नगडी या शब्दापाशी आल्या. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घेतले आणि ते फिटेपर्यंत नवरा-बायको दोघं त्याच्याकडे राबली, तो लग्नगडी. आजी म्हणाली, ‘थांब गं. परत वाच.’

परत वाचलं. मग आजी बोलायला लागली. तिचा आजा असाच राबला होता, कोणाकडे, किती वर्षं, घरात त्याला कोणत्या नावाने हाक मारत, सगळं. हे तिच्या सुनेलाही माहीत नव्हतं. पुस्तक तिथेच मिटलं. त्या दिवशी वाचन झालं दीड पान.

पुढच्या खेपेला बैठकीला नेहमीच्या बारा आणि वर वाडीतल्या अकरा. अर्ध्या जणी कर्जाच्या फॉर्मसाठी आल्या असतील असं आधी वाटलं, पण फॉर्म संपले तरी उठल्या नाहीत. आजीने शेरा सांगितला, आशाताईंनी लिहून घेतला: ‘शाळेतल्या पोरांना द्या. त्यांना वाटतं आपण पहिल्यापासून असंच होतो.’ त्यानंतर आजी दर खेपेला पिशवीतली पुस्तकं काढायला लावते, ‘हे कशाचं?’ विचारते, आणि दोन वाक्यं ऐकून ठरवते कोणाच्या घरी जायचं. आजवर एकदाच चुकली.

बहिणाबाईंची गाणी तिनेच फिरवली. बहिणाबाईंनाही लिहिता-वाचता येत नव्हतं, त्या म्हणायच्या आणि घरच्यांनी टिपून ठेवलं, हे सांगितल्यावर आजी एवढंच म्हणाली, ‘मग त्यांना पण कोणीतरी आशाताय मिळाली.’ खानदेशातले काही शब्द अडतात. एका शब्दावरून दुकानवाल्या काकी आणि वहिनी यांचं जुंपलं ते अजून मिटलेलं नाही.

नोव्हेंबर

झोडणी उरकली. दिवाळी अंकांची गोष्ट सांगायची राहिली. १९०९ साली ‘मनोरंजन’ने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासूनची ही आपली हौस, पण नवे अंक मला परवडत नाहीत. मागच्या वर्षीचे रद्दीवाल्याकडून घेतले, दहा-वीस रुपयांना एक. कथा एका बैठकीत संपते, त्यामुळे वाचून दाखवायला याहून सोयीचं काही नाही. जुने म्हणून कोणी नाक मुरडलं नाही. राशिभविष्याची पानं तेवढी मी आधीच फाडून ठेवली होती, आणि त्याबद्दल मला बोलणी बसली. ‘झालेलं वर्ष खरं निघालं का ते बघायचं होतं.’

कातकरीवाडीतल्या तिघी भिवंडीकडे वीटभट्टीवर गेल्या, आता आगोटीलाच, पावसाच्या तोंडावर, येतील. एक अंक न्या म्हटलं तर नको म्हणाल्या. वाचून दाखवणारी पोर आश्रमशाळेत राहिलीय. त्या पोरीला भट्टीवर फोन लावून वाचायला सांगावं, असं आशाताईंच्या डोक्यात आहे. रेंज मिळाली तर पुढच्या नोंदीत लिहीन.

आजचा हिशोब: पुस्तकं ४१, त्यांतली बाहेर २६, वाचून दाखवणाऱ्या ५, ऐकणाऱ्या मोजणं सोडलंय. हरवलेली ३, चष्मा १.

आणि एक काम आहे. ‘स्मृतिचित्रे’चा दुसरा तुकडा एकीची लेक दिवाळीची माहेरी आली होती ती सासरी घेऊन गेली, मुरबाड तालुक्यात, टोकावड्याच्या पुढे. मी परत मागायला फोन केला तर म्हणते, ‘आत्या, इकडं सात जणींनी ऐकला. पहिला नाय मिळाला तरी चालंल, तिसरा पाठवा.’ त्या बाजूला कोणी जाणार असेल तर कळवा. कल्याण एसटी स्टँडवर तुकडा आणून द्यायला मी तयार आहे. चष्माही देते सोबत.