घोडी आमच्या वखारीतली

पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये आता तीन-चार ठिकाणी सालपटं, म्हणजे ओंडक्याच्या कडेचे जळणाचे काप, रचून बांधायची आणि कापायची घोडी दिसते. लोखंडी, आठ खांबांची, एक बाजू पडती, म्हणजे पिना काढून खाली पाडता येणारी. विचाराल तर प्रत्येक जण सांगतो, ही आमचीच कल्पना. म्हणून लिहायला बसलो. पहिली घोडी आमच्या वखारीने उभी केली, २०११ च्या दिवाळीनंतर. ती बनवणारे मिस्त्री आजही रोज दुकानात बसतात, जाऊन विचारा.

वखार अण्णांनी १९७४ मध्ये सुरू केली. तेव्हा पेठांतल्या वाड्यांत सकाळी तांब्याचे बंब पेटायचे आणि बंबाला ढलप्या लागायच्या. अण्णा पोत्यांनी घरपोच द्यायचे. पुढे गॅस आला, गीझर आले, वाडे पाडून इमारती झाल्या. १९९५ मध्ये मी गल्ल्यावर बसलो तेव्हा घरगुती गिऱ्हाईक बोटावर मोजण्याइतकं उरलं होतं. बेकऱ्या आणि लग्नाचे आचारी, एवढाच काय तो आधार. त्यांना ढलप्या परवडत नव्हत्या. त्यांना हवं होतं सालपट.

ओंडका आऱ्यावर चढला की कडेचे काप सालीसकट निघतात, पाठ गोल आणि पोट सपाट. फळीवाल्याला ते नको असतात, भट्टीवाल्याला हवे असतात. जाडी कमी म्हणून लवकर वाळतात आणि भडकाही पटकन घेतात. पण सालपटासारखा अडेल माल दुसरा नाही. एक टोक जाड, एक बारीक, त्यात वाकडं. टेम्पो भरला तरी निम्मी हवाच वाहून न्यायची. मोजायचं कसं यावर रोज भांडण. आमचे हमाल मामा सकाळी सहाला भरायला लागायचे ते अकरा वाजेपर्यंत एक टेम्पो व्हायचा, आणि हातात कुसळं भरायची ती वेगळीच. त्यात आरागिरणीच्या मालकाच्या दारात ढीग साचला की शेठचा फोन, ‘उचला, नाहीतर दुसऱ्याला देतो.’

गिरण्याही काही रोज नव्या निघत नाहीत. १२ डिसेंबर १९९६ ला सर्वोच्च न्यायालयाचा जंगलतोडीबद्दलच्या गोदावर्मन खटल्यातला आदेश आला आणि त्यानंतर नव्या आरागिरणीचा परवाना ही सोपी गोष्ट राहिली नाही. त्यामुळे आहे त्या गिरण्या, आहे तेवढं सालपट, आणि त्यावर टपलेले आम्ही सगळे. ज्याला माल झटपट उचलता येईल त्याचाच माल, हे मला तेव्हाच कळून चुकलं होतं.

पहिली घोडी आम्ही चुकीची बनवली, तेही सांगतो. खालचा पाया ७५ मिलिमीटरच्या चॅनेलचा, त्यावर ५० मिलिमीटर अँगलचे आठ खांब, चार डावीकडे, चार उजवीकडे. दोन ओळींमधलं अंतर धरलं दोन फूट. विचार असा की मोठा गठ्ठा म्हणजे मोठं काम. गठ्ठा भरला, चेनसॉ सुरू केली आणि लक्षात आलं की आमच्या चेनसॉचा बार, म्हणजे साखळी जिच्यावर फिरते ती पट्टी, १८ इंचांचा. दोन फुटांचा गठ्ठा आरपार जाईना. दोन्ही बाजूंनी कापायला गेलो तर काप जुळेनात. आणि तळाशी पोहोचलो तशी साखळी खालच्या चॅनेलवर घासली, ठिणग्या उडाल्या, दात गेले. नवी साखळी पहिल्याच दिवशी वाया.

मिस्त्री दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी खडू घेऊन आले आणि फरशीवरच आकृती काढली. आतली रुंदी १६ इंच, म्हणजे बार पलीकडे दोन बोटं बाहेर राहणार. उंची दोन फूट. खांब एकमेकांपासून १८ इंचांवर. दोन्ही टोकांना नऊ-नऊ इंच सालपट बाहेर. नऊ, अठरा, अठरा, अठरा, नऊ : झाले सहा फूट. काप बरोबर दोन खांबांच्या मध्ये, तीन काप, दीड-दीड फुटाचे चार गठ्ठे. तळाला प्रत्येक खांबाजवळ चार इंचांचा बाभळीचा ठोकळा, म्हणजे माल चॅनेलपासून वर राहतो, साखळी लोखंडाला लागत नाही आणि खालून तार ओवायला जागा मिळते. आकृती पुरी झाल्यावर म्हणाले, ‘शेठ, एक बाजू पडती करू. नाहीतर गठ्ठा वरून काढता काढता मामांची कंबर जाईल.’ त्या पडत्या बाजूच्या पिना रविवारी जुन्या बाजारातून शोधून आणल्या, ट्रकच्या फाळक्याच्या, इंचभर जाड. त्याच पिना अजून आहेत.

भरण्याची रीतही सांगून ठेवतो, कारण नुसती घोडी बघून ती कळत नाही. खालच्या थराला साल खाली, वरच्या थराला साल वर, मधला माल पोटाला पोट. जाड टोक एकदा इकडे, एकदा तिकडे. असं उलटसुलट केलं की गठ्ठा विटेसारखा चौकोनी बसतो. मग ट्रकवाल्याचा रॅचेट बेल्ट टाकून आवळायचं आणि आवळलेल्यावर तार बांधायची. भरलेली घोडी ओल्या मालाची साधारण २०० किलो, म्हणजे एक गठ्ठा ५० किलोचा. एका हमालाच्या पाठीला पेलेल एवढाच.

तारेचं शहाणपण मात्र आम्हाला बेकरीवाल्या चाचांनी दिलं. कॅम्पातली त्यांची बेकरी अण्णांच्या काळापासून आमच्याकडून लाकूड घेते. सुरुवातीला मी प्लास्टिकची पट्टी वापरली, ती उन्हात चिरली. मग लोखंडी पट्टी आणली, टेन्शनर आणि क्लिपसकट, चांगले पैसे घालून. महिनाभराने चाचांच्या दारात गठ्ठा उतरवताना पट्टीतून सगळा माल घसरून रस्त्यावर पडला. ओलं लाकूड वाळताना आकसतं, पट्टी आहे तेवढीच राहते, मधे हात जाईल एवढी फट पडते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चाचा रागावले नाहीत. दोन तुकडे उचलून एकमेकांवर आपटले, टणटणीत आवाज आला. म्हणाले, ‘माल सुका आहे बेटा. बांधणी सैल आहे. तारेला पीळ दे, सैल झाली की परत पीळ दे.’ तेव्हापासून आम्ही तार वापरतो आणि सळईच्या तुकड्याने पीळ भरतो. सहा आठवड्यांनी गठ्ठा सुकला की दुसरा पीळ, मगच माल बाहेर.

नंतरची काही वर्षं बरी गेली. फुरसुंगीला वाळवणाची जागा भाड्याने घेतली, तिकडे ऊन चांगलं लागतं. पाच गिरण्यांचं सालपट आमच्याकडे येत होतं. त्या वर्षांबद्दल एवढंच.

२०१६ च्या उन्हाळ्यात एक गृहस्थ आमच्याकडे आले. नाव लिहीत नाही, मार्केटला ठाऊक आहे. ओळखीचेच होते, आम्ही चहा पाजला. त्यांनी कौतुकाने घोडी पाहिली आणि खिशातून टेप काढला. मी त्यांना मापं घेऊ दिली. लपवायचं काय, असं मला तेव्हा वाटलं. दोन महिन्यांत त्यांच्याकडे दोन घोड्या उभ्या. याचं मला दुःख नाही. दुःख पुढचं आहे.

त्यांनी घोडी घेतली, वाळवण घेतलं नाही. आज कापलेला गठ्ठा उद्या वजनावर विकायचा. भाव किलोला साडेपाच रुपये. आमचा सुका गठ्ठा ३५ किलोच्या आसपास भरतो, तो आम्ही नगावर २८० ला द्यायचो, म्हणजे किलोला आठ रुपये. गिऱ्हाईक म्हणायचं, तुम्ही महाग. आता हिशेब बघा. त्यांचा ५० किलोचा ओला गठ्ठा २७५ रुपयांना. तोच गठ्ठा आमच्या वाळवणावर ठेवला तर ३५ चा होतो. लाकूड दोन्हीकडे तेवढंच, पैसेही जवळपास तेवढेच. फरक फक्त १५ किलो पाण्याचा. आणि ते पाणी भट्टीत फुकट उडत नाही. तेवढं पाणी वाफ करायला निदान दोन किलो सुकं लाकूड खर्ची पडतं, वर धूर. हे मी किती जणांना पाटीवर लिहून दाखवलं असेल. ऐकणारे ऐकायचे, मान हलवायचे आणि साडेपाचचा भाव धरायचे.

मग त्या गृहस्थांनी गिरण्यांना वर्षाची आगाऊ रक्कम द्यायला सुरुवात केली. पाचपैकी चार गिरण्या गेल्या. ज्या शेठकडून अण्णांनी वीस वर्षं माल उचलला होता, त्यांनी फोन उचलणं बंद केलं. २०१८ मध्ये व्यापाऱ्यांच्या एका कार्यक्रमात त्या गृहस्थांना ‘सालपट बांधणीची नवी पद्धत’ आणल्याबद्दल शाल-श्रीफळ दिलं. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. मिस्त्री माझ्या शेजारी होते. ते उठून बाहेर गेले आणि मी टाळ्या संपेपर्यंत तिथेच बसून राहिलो. आजही ती शाल डोळ्यांसमोर येते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये टेम्पो विकला. फुरसुंगीचं भाडं तीन महिने थकलं होतं. घरात बोलणं झालं होतं की दिवाळीपर्यंत बघू, नाहीतर वखार बंद. एकच गिरणी उरली होती. त्या शेठनी आम्हाला का सोडलं नाही ते त्यांनीच मला सांगितलं. आमची घोडी त्यांच्या आऱ्याच्या तोंडाशीच असायची, माल निघाला की थेट घोडीत, आणि संध्याकाळी मामा झाडू मारूनच निघायचे. बाकीच्यांकडे आठवड्याचा ढीग साचायचा. ‘तुमच्यामुळे माझी फरशी दिसते,’ असं शेठ म्हणाले. त्या एका फरशीवर आम्ही ते वर्ष काढलं. दुसरं गिऱ्हाईक टिकलं ते चाचा. त्यांनी एकदाही ओला गठ्ठा दारात उतरवू दिला नाही.

२०२० च्या मार्चमध्ये सगळं थांबलं. एप्रिलमध्ये भवानी पेठ सील झाली, मार्केट बंद, गिरण्या बंद. पण पाव अत्यावश्यक होता. चाचांचा फोन आला, ‘लाकूड किती आहे?’ फुरसुंगीला चारशेच्या वर सुके गठ्ठे उभे होते, विकले जात नव्हते म्हणून राहिलेले. ‘सगळे माझ्या नावाने ठेव,’ म्हणाले, आणि त्यांच्या ओळखीच्या आणखी दोन बेकऱ्यांना माझा नंबर दिला. पास काढून, भाड्याच्या गाडीने, मी आणि मामांचा मुलगा माल पोहोचवत होतो. जूनपर्यंत भाडं फिटलं. तिकडे मार्केटात उघड्यावर ओल्या गठ्ठ्यांच्या थप्प्या तशाच राहिल्या, पावसाळ्यात त्यांना बुरशी आली. त्यानंतर चारपैकी दोन गिरण्या आमच्याकडे परत आल्या. फोन न उचलणारे शेठ अजून आलेले नाहीत.

नव्याने या धंद्यात येणाऱ्यांना चार गोष्टी सांगतो. वजनकाटा स्वतःचा ठेवा, पण सुका माल नगावरच विका. पाऊस लागल्यावर आंब्याचं सालपट घेऊ नका, त्याला बुरशी फार लवकर धरते. बाभूळ मिळेल तेवढी घ्या. चाकण-भोसरीकडून पॅकिंगच्या पेट्यांचं पाइन स्वस्तात मिळतं, ते बेकरीला कधीही देऊ नका. त्यात खिळे असतात. पॅलेटवरचा शिक्का वाचायला शिका. ‘एचटी’ म्हणजे नुसतं तापवलेलं. ‘एमबी’ असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते, ते पावाच्या भट्टीत जाता कामा नये. प्लायवूड, रंगवलेलं लाकूड, हेही नाही. चेनसॉची साखळी रोज सकाळी घासा. घोडीत काप घेताना समोर कुणी उभं राहायचं नाही, आणि बूट, गॉगल घातल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही. आमच्याकडे आजवर कुणाचं बोट गेलेलं नाही.

आता भट्ट्याच बंद होतील असं लोक म्हणतात. २०२५ च्या जानेवारीत उच्च न्यायालयाने मुंबईतल्या लाकूड-कोळशाच्या भट्ट्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं, तेव्हापासून पुण्यातले बेकरीवालेही विचारात पडलेत. चाचांच्या मुलाने गॅसची एक भट्टी बसवली आहे. मी त्याला दोष देत नाही. पण लाकडाच्या नावाने जो धूर बदनाम झाला, त्यातला किती धूर लाकडाचा आणि किती त्या १५ किलो पाण्याचा, हे कुणी तपासलं असतं तर बरं झालं असतं. चाचांची जुनी भट्टी अजून रात्री पेटते आणि आठवड्याला तीस गठ्ठे जातात.

मिस्त्री सध्या तिसरी घोडी करताहेत, खांबांना खाचा देऊन, म्हणजे सव्वा फुटाचा आणि दीड फुटाचा असे दोन्ही काप एकाच घोडीत घेता येतील. हल्ली गच्चीवर शेकोटी करणारे लोक लहान गठ्ठा मागतात, त्यांच्यासाठी. ज्याला माप हवं असेल त्याने वखारीत यावं, टेप आम्ही देऊ. पिना मात्र जुन्या बाजारातच शोधा, नव्या पिना सहा महिन्यांत वाकतात.