कुंभार्ली घाट आणि तापणारी जुनी व्हॅन

चिपळूण सोडल्यापासून पोफळीपर्यंत टेंपरेचरचा काटा मध्यावर होता. कुंभार्ली घाट लागला, पुढे भरलेला ट्रक आला, व्हॅन दुसऱ्या गिअरवर रांगायला लागली आणि काटा चढत गेला. रुंद वळण बघून गाडी बाजूला घेतली.

जुनी गाडी तापली की आधी बघायचं, ती कधी तापते. मोकळ्या रस्त्यावर ठीक आणि घाटात किंवा ट्रॅफिकमध्ये गरम, तर पहिला संशय फॅनवर. वेगात वारा रेडिएटर थंड ठेवतो, रांगताना सगळी भिस्त फॅनवर. हायवेला वेगातही तापत असेल तर चोंदलेला रेडिएटर, अडकलेला थर्मोस्टॅट (इंजिन गरम झालं की उघडणारा व्हॉल्व्ह) किंवा वॉटर पंप बघा.

आमचा काटा वर, किल्ली ऑन, तरी फॅन गप्प. फ्यूज शाबूत होता. रेडिएटरच्या थर्मो स्विचचा (गरम झालं की फॅन चालू करणारा स्विच) कनेक्टर काढून त्याच्या दोन वायरी एकमेकींना जोडल्या (हात पात्यांपासून लांब ठेवून), तसा फॅन घरघरत सुरू झाला. म्हणजे मोटर ठणठणीत, स्विच गेलेला. फॅन तसाच डायरेक्ट ठेवून घाट चढलो, हेळवाकला काटा पुन्हा जागेवर. यासाठी गाडीत वायरचा तुकडा, टेप, जादा फ्यूज आणि पाण्याचा कॅन हवाच.

कऱ्हाडला स्विच बदलला. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर रेडिएटरची टोपी उघडली, तर बाजूची जादा कूलंटची (इंजिन थंड ठेवणारं द्रव) बाटली काठोकाठ आणि रेडिएटरमध्ये कूलंट कमी. टोपीचं रबर कडक झालं होतं, त्यामुळे बाहेर गेलेलं कूलंट परत ओढलं जात नव्हतं. हा स्वस्तातला पार्ट फार महत्त्वाचा आहे. 0.9 बारची टोपी दाब धरते तेव्हा साधं पाणीसुद्धा सुमारे 118 अंशांपर्यंत उकळत नाही. दाब गेला की 100 अंशांनाच वाफ. म्हणूनच गरम इंजिनवर टोपी उघडू नका, उकळता फवारा थेट तोंडावर येतो.

थर्मोस्टॅट काढूनच टाका, असा सल्ला गॅरेजमध्ये हमखास मिळतो. ऐकू नका. इंजिन थंडच चालतं, पेट्रोल जास्त पितं आणि मूळ दुखणं तसंच राहतं.

कूलंट भरल्यावर, इंजिन थंड असतानाच टोपी काढून गाडी सुरू करा. थर्मोस्टॅट उघडून अडकलेली हवा निघेपर्यंत थोडं थोडं कूलंट घालत राहा. बुडबुडे थांबतच नसतील किंवा ऑइल दुधाळ दिसत असेल तर बहुधा हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं सील) गेलंय. अशी गाडी घाटात घालू नका, टो करून न्या.