तुम्ही विचारलंत म्हणून: त्या इन्स्पेक्टरची कीव येत नाही का?

जुन्या सिनेमांच्या गप्पांत माझं घोडं चरित्र अभिनेत्यांपाशीच अडतं, त्यामुळे एक प्रश्न मला हमखास येतो: जन्मभर एकच भूमिका करणाऱ्या नटांची कीव येत नाही का?

जगदीश राज यांची तरी नाही येत. नाव आठवत नसेल, पण चेहरा बघितलात की 'अरे, हा तर इन्स्पेक्टर!' म्हणाल. 144 सिनेमांत पोलीस झाले, गिनेस बुकात नोंद झाली. आता शेवटचं रीळ डोळ्यांसमोर आणा. गोदामात हाणामारी संपत आलीय, खलनायक आडवा पडलाय, आईच्या हातापायांच्या दोऱ्या सुटायच्यात. अशा वेळी नव्या माणसाची ओळख करून द्यायला दिग्दर्शकाला फुरसत कुठली? जगदीश राज दारातून आत आले की कायदा आला. बोलायची दोनच वाक्यं. ती खरी वाटायला हवीत, पण हीरोवरची नजर हलता कामा नये. भल्याभल्या नटांना हे जमत नाही, कारण त्यांना दिसायचं असतं.

शिवाय शिक्का उलटाही वापरता येतो. इफ्तेखार म्हणजे पडद्यावरचे भारदस्त पोलीस अधिकारी. 'दीवार'मध्ये (1975) तेच स्मगलर दावर झाले, आणि तो दावर चक्क सभ्य गृहस्थ वाटतो!

ललिता पवारांचं प्रकरण वेगळं. त्या मुळात नायिका. 1942 मध्ये चित्रीकरणात बसलेल्या थपडेने डाव्या डोळ्याला कायमची इजा झाली आणि नायिकेची कामं गेली. पुढे तोच बारीक झालेला डोळा खाष्ट सासूची ओळख बनला. तरीही 'अनाडी'तली (1959) त्यांची मिसेस डीसा बघा. वरवर तोच खेकसणारा आवाज, आतून नुसती माया. फिल्मफेअर मिळालं त्या भूमिकेला. 'रामायण' मालिकेत मात्र पुन्हा मंथराच.

वाईट वाटतं ते निळू फुल्यांचं. सेवा दलात घडलेला, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात रमणारा हा सज्जन माणूस. पण पडद्यावरचा पाटील इतका अस्सल, की गावोगावी बायका त्यांना पाहून बिचकत. मी हळहळतो, आणि दर वेळी पुन्हा त्यांचा 'सामना' हा सिनेमाच लावतो.